काठावर कोण होतं

सकाळच्या बैठकीत वाऱ्यानं ते आडनाव घेतलं तेव्हा ताईच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी होता. तो तिथंच राहिला. प्यायचा की खाली ठेवायचा, तिला ठरवता येईना. शेवटी तिनं तो खाली ठेवला, तर थोडा चहा बशीत सांडला.

ताई ज्या सायंदैनिकाची मुख्य उपसंपादक होती, वाऱ्या त्याचा शहर बातमीदार. एका जागी धड बसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून वाऱ्या. आज तो चक्क खुर्चीत टेकून सांगत होता, त्यावरूनच बातमी वजनाची आहे हे सगळ्यांनी ओळखलं होतं. काल दुपारी साडेचारच्या सुमाराला पालिकेच्या पोहण्याच्या तलावात आठ वर्षांची एक मुलगी बुडाली. आपल्या मुलाला घेऊन आलेल्या एका बापानं कपड्यांनिशी उडी मारून तिला वर काढलं. आता ती हॉस्पिटलमध्ये होती. श्वास चालू होता, पण डोळे उघडले नव्हते. सकाळच्या पेपरांतून एवढंच आलं होतं, तेही चार ओळींत आणि कुठला तलाव ते न सांगता. वाऱ्याकडे त्याच्या पुढचं होतं.

"जीवरक्षक तिथंच होता," वाऱ्या म्हणाला. "पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, खोल बाजूच्या काठावर. पालकांना मी वेगवेगळं गाठून विचारलं, सगळे एकच सांगतात. पोरगी गटांगळ्या खातेय आणि हा बाबा काठावर उभा! शिट्टी काय फुंकतोय, ओरडतोय काय, पण उडी मारायचं नाव नाही. नुसता बघत राहिला."

"नाव मिळालं?" संपादकांनी विचारलं. तेव्हा वाऱ्यानं नाव सांगितलं, आडनावासकट.

लग्नाआधी ते आडनाव ताईचं होतं. आणि नाव तिच्या धाकट्या भावाचं.

खोलीत कुणालाच हे ठाऊक नव्हतं. ताई इथं नोकरीला लागली तीच नवऱ्याचं आडनाव घेऊन, आणि माहेरचं आडनाव सांगत फिरायची तिला कधी गरज पडली नव्हती. भावाला घरात सगळे बेडक्या म्हणत. लहानपणी एकदा पाण्यात शिरला की आईनं हाका मारून घसा कोरडा केला तरी बाहेर येत नसे. ओठ निळे पडायचे, बोटं सुरकुतायची, तरी 'अजून एकच उडी' चालूच. तो बेडक्या, पाण्यात पोर बुडत असताना, काठावर उभा राहून बघत होता?

"पहिलं पान," संपादक म्हणाले. "दुपारी एकला पान छपाईला सोडायचं आहे. ताई, ही तुम्ही स्वतः बघा. नीट तोलून मापून हवी."

"हो," ताई म्हणाली. 

खरं म्हणजे तिनं तिथंच बोलायला हवं होतं. या ऑफिसात तसा नियम होता आणि तो केला होता कुणी, तर ताईनंच. बातमीत आपलं माणूस असेल तर त्या बातमीला हात लावायचा नाही. संपादकांना सांगायचं, मोबाइल त्यांच्या खणात ठेवायचा आणि पान सुटेपर्यंत खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर हवामान नाहीतर शब्दकोडं तपासत बसायचं. त्या बातमीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ऑफिसात याला माहेरपण म्हणायचे. कोपऱ्यात बसलेल्याला चहा जागेवर आणून द्यायचा, वर 'जरा पाय चेपून देऊ का?' असं विचारायचं, अशी सगळी थट्टा चालायची. ताईनं आजवर भल्याभल्यांना माहेरपणाला पाठवलं होतं. क्रीडा पानावरचे काका तर साडूच्या एका भानगडीपायी तिथं बसले असताना 'ताई, फक्त एकच सांगतो' म्हणून उठले होते, तर हिनं बसल्या जागेवरून हात दाखवून त्यांना खाली बसवलं होतं. साडूंना बाजू असतेच, काका, असं वर ऐकवलंही होतं. पाठीमागे लोक तिला चाळणी म्हणत, हिच्यातून खडा म्हणून खाली जात नाही म्हणून. हे तिच्या कानावर आलं होतं आणि, खोटं कशाला बोला, तिला ते आवडलंही होतं. दुसऱ्यांचे खडे निवडायला मजा येते.

जागेवर आल्याबरोबर तिनं भावाला फोन लावला. सकाळपासून तिनं त्याला दोनदा लावलाच होता, तेव्हा आईची चौकशी करायची होती. तेव्हाही उचलला नव्हता आणि ती म्हणाली होती, असेल पाण्यात. आताही नुसती घंटा वाजत राहिली. कुणी बघत नाही ना म्हणून तिनं मान वळवली. आपल्याच भावाला फोन करताना चोरासारखं इकडेतिकडे बघायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

तेवढ्यात वाऱ्याची बातमी तिच्या पडद्यावर येऊन पडली. मथळा त्यानंच देऊन टाकला होता: 'चिमुकली बुडत होती, जीवरक्षक बघत राहिला'. खाली फोटो. तलावाच्या उद्घाटनाच्या वेळचा, पिवळ्या टी-शर्टातला बेडक्या, दात काढून हसतोय. बुडालेल्या पोरीच्या बातमीखाली ते हसणं इतकं वाईट दिसत होतं की ताईला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं.

तिनं बातमी वाचली. वाईट लिहिली नव्हती. पालक काय म्हणाले ते होतं, पालिकेचा अधिकारी 'चौकशी करू' म्हणाला तेही होतं. 'जीवरक्षकाशी संपर्क होऊ शकला नाही' हेही होतं. फक्त 'बघत राहिला' हे दोन शब्द तिला डाचत होते. माणूस उभा होता हे डोळ्यांना दिसतं, तो बघत राहिला हे कुणी ठरवलं? तिनं ते खोडून 'उभा असल्याचा पालकांचा आरोप' असं केलं. बरोबरच होतं की! कुणाचीही बातमी असती तरी तिनं हेच केलं असतं. मग ती पुढच्या ओळीवर का जात नव्हती?

कारण हात तिचे होते. दुरुस्ती शंभर टक्के बरोबर असली तरी ती करणारे हात बहिणीचे होते, आणि यापुढे या बातमीत तिनं बदललेला प्रत्येक शब्द बरोबर की चूक, ते तिला स्वतःलाच सांगता येणार नव्हतं. तिनं आपली दुरुस्ती काढून टाकली, 'बघत राहिला' पुन्हा होतं तिथं ठेवलं आणि उठली. ती संपादकांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, तो माझा भाऊ आहे."

संपादकांनी चष्मा काढला. त्यांना कोण ते विचारावं लागलं नाही. "सख्खा?"

"सख्खा. धाकटा."

"बैठकीत का नाही बोललात?"

"तोंडच उघडलं नाही."

त्यांनी खण ओढला. ताईनं आपला मोबाइल आत ठेवला. "बातमी काका बघतील," ते म्हणाले. आणि मग जरा हळू आवाजात, "ताई, माहेरपण तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना. तेव्हा आता..."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

ती कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली तेव्हा आज कुणी पाय चेपायची भाषा केली नाही. ऑफिसात बातमी पसरायला वेळ लागत नाही, तिथला धंदाच तो. काकांनी मात्र स्वतः उठून चहा आणून ठेवला आणि तिच्याकडे न बघताच परत गेले. त्यांनी जर एखादा टोमणा मारला असता, साडूची आठवण करून दिली असती, तर तिला बरं वाटलं असतं. मनाचा मोठेपणा दाखवून लोक कधी कधी जास्त छळतात.

कोपऱ्यातून सगळं ऐकू येत होतं. काका मोठ्यानं वाचून बघत होते, वाऱ्या फोनवर हॉस्पिटलशी बोलत होता. "अजून तसंच?... बरं, बरं, काही कळलं तर..." पोरीची आई बाहेर बाकावर बसून आहे, पाण्याचा घोटही घेत नाही, असं तो कुणाला तरी सांगत होता. ताई शब्दकोड्याची उत्तरं तपासत होती. आडवे शब्द झाले, उभे शब्द झाले, आणि काय वाचलं ते विचाराल तर एक अक्षर नाही. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. हिरवट निळं पाणी, काठावर बेडक्या, आणि पाण्यातून वर येणारे दोन लहान हात. का रे उभा राहिलास? पायात गोळा आला का? चक्कर आली? तू तर झोपेतून उठवलं तरी पाण्यात उडी मारशील.

मग हवामानाचा तक्ता आला. कालचं कमाल तापमान, दुपारी साडेचारला नोंदलेलं.

साडेचार.

ती पुन्हा त्या आकड्याकडे बघत राहिली. काल साडेचारला ती याच ऑफिसात होती, दुसऱ्या दिवशीच्या अंकाची बैठक चालू होती. आणि त्या बैठकीत, टेबलाखाली धरलेल्या मोबाइलवर फोटो आला होता. आईचा हात. प्लास्टर काढलेला, पांढराफटक, वाळक्या शेंगेसारखा. खाली बेडक्यानं लिहिलं होतं, 'सुटली एकदाची. डॉक्टरांनाच उपदेश करतेय.' ताईनं हसून अंगठा पाठवला होता. बाथरूममध्ये घसरून आईचं मनगट मोडलं होतं आणि प्लास्टरखाली खाज सुटते म्हणून तिनं गेले काही दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आई राहायची भावाकडे, पण तिला काल हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं ताईनं. ते ऐनवेळी भावावर आलं होतं.

म्हणजे साडेचारला बेडक्या हॉस्पिटलमध्ये होता. आईजवळ. तलावावर नव्हताच!

ताईला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. काठावर उभा होता तो दुसराच कुणी. पालकांनी पिवळा टी-शर्ट बघितला, वाऱ्यानं पालिकेत विचारलं की जीवरक्षक कोण, त्यांनी नाव दिलं, झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि आता तो फोटो, ते हसणं, ते 'बघत राहिला', सगळं घेऊन पान एकला सुटणार, आणि संध्याकाळी शहरात जो तो त्याच्या तोंडावर थुंकणार.

आता सांगायचं की नाही? हे साधं वाटतं, पण ज्या बाईनं काकांना हात दाखवून खाली बसवलं होतं तिला विचारा. बातमीबद्दल चकार शब्द नाही. आपलं माणूस असलं की सगळ्यांकडे एक 'फक्त एकच सांगते' असतंच, आणि ते ऐकायचंच नाही म्हणून तर हा नियम. पण ही बाजू नव्हती, ही घडलेली गोष्ट होती. दोन्हींत फरक आहे की नाही? की प्रत्येक बहिणीला तो दिसतोच? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. भिंतीवरचं घड्याळ ती बघत नव्हती, तरी बाराची वेळ टळून गेलेली तिला कळत होती. काकांनी पलीकडून मथळा वाचला, कुणीतरी म्हणालं, "फोटो अजून मोठा घ्या."

त्या 'अजून मोठा'नं तिला उठवलं.

केबिनमध्ये वाऱ्या होताच. ताईनं दार लावून घेतलं आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. "मला माहीत आहे मी बोलायचं नाही. पण बातमी चुकीची आहे. तो काल साडेचारला तलावावर नव्हता. आईचं प्लास्टर काढायला हॉस्पिटलमध्ये होता. त्यानं मला तिथून फोटो पाठवलाय, खणात मोबाइल आहे, बघा हवं तर. काठावर उभा होता तो माझा भाऊ नाही."

एका दमात सांगून ती थांबली. सुटले, असं तिला वाटलं. पण दोघांपैकी कुणाच्याच चेहऱ्यावर सुटल्यासारखं काही दिसेना.

"म्हणजे," वाऱ्या हळूच म्हणाला, "तो तिथं नव्हताच?"

"तेच तर सांगतेय."

"कामाची वेळ होती, ताई. सुटी नव्हती. मी विचारलंय पालिकेत. दुपारच्या वेळेला एकच जीवरक्षक असतो, आणि तलावात तेव्हा पन्नासेक पोरं होती." वाऱ्या खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. "मग टी-शर्ट कुणी घातला होता? शिट्टी कुणाकडे होती?" आणि एकदम त्यानं कपाळावर हात मारला. "तो तिकीटवाला! काल संध्याकाळी फाटकावर भेटला मला. मी त्याला पोरीबद्दल विचारत होतो आणि तो आपला सारखा एकच म्हणत होता, साहेब, मला पोहता येत नाही हो, मला पोहता येत नाही. मला वाटलं, घाबरलाय बिचारा, काहीतरी बरळतोय."

ताईच्या पायाखालची वाळू सरकली. भावाला वाचवायला म्हणून ती धावत आली होती, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काठावर उभा राहून न उडी मारणारा भित्रा असतो. पन्नास पोरं पाण्यात सोडून, ज्याला पोहता येत नाही त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवून निघून जाणारा कोण असतो? त्या माणसानं उडी मारली नाही कारण त्याला मारता येत नव्हती. तो बघत राहिला नव्हता, तो मदतीला हाका मारत होता. आणि हे सगळं या खोलीत तिनं स्वतःच्या तोंडानं आणून ठेवलं होतं.

संपादकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ताई, हे तुम्ही मला कोण म्हणून सांगितलंत?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं.

"हातातली बातमी तर गेली. चुकीची आहे हे कळल्यावर ती छापता येत नाही, त्यात कुणाचं भलं होवो की वाईट. पण आरोपीच्या बहिणीच्या एकटीच्या शब्दावर दुसरीही छापता येत नाही. वाऱ्या तिकीटवाल्याला गाठेल, तुमच्या भावाला गाठेल. कुणी बोललं तर जे खरं ते छापू. कुणीच बोललं नाही तर अपघाताच्या चार साध्या ओळी, आणि उद्या बघू." ते थांबले. "तो कामावरून उठून का गेला? प्लास्टर दुसऱ्या दिवशी काढता आलं असतं."

 तेवढ्यात खण थरथरायला लागला.

संपादकांनी खण ओढला. मोबाइलच्या पडद्यावर 'बेडक्या' अशी अक्षरं होती. खाली न उचललेले किती फोन येऊन गेले होते ते दिसत होतं. तिघंही त्या थरथरणाऱ्या वस्तूकडे बघत राहिले.

"उचला," संपादक म्हणाले. "आम्ही बाहेर थांबतो. बहीण म्हणून बोला, त्यातलं काही आम्ही विचारणार नाही. पण दार उघडून बाहेर आलात की जे सांगाल ते संपादकाला सांगताय, एवढं लक्षात ठेवा."

दार बंद झालं. काचेपलीकडे दोघं उभे होते, पाठमोरे. ताईनं फोन कानाला लावला.

"ताई! अगं किती फोन केले!" बेडक्याचा आवाज बसला होता. "पेपरवाले घरी येऊन गेले. मी मागच्या दारानं सटकलो. तुमचाच होता एक, वाऱ्या की कोण."

"बेडक्या, काय करून बसलास रे?"

"ऐक आधी. सगळे म्हणतायत मी काठावर उभा होतो आणि उडी मारली नाही. म्हणू दे. मी सांगणार आहे पायात गोळा आला. शिव्या घालतील, कामावरून काढतील, पण पुढचं टळेल. नव्हतोच म्हणून कळलं तर पोलिस मला सोडतील का? आणि तो तिकीटवाला, त्याच्या घरी तीन लेकरं आहेत. त्याला मीच टी-शर्ट घालून बसवलं, अर्धा तास बस म्हटलं. तो नाही म्हणत होता गं. मीच म्हटलं, काही होत नाही, कुणी दंगा केला तर शिट्टी वाजव."

ताईनं खुर्ची ओढून घेतली.

"तुमच्या पेपरात येतंय ना आज? येऊ दे तसंच," तो म्हणाला. "माझी बदनामी झाली तर होऊ दे. तू फक्त मध्ये पडू नकोस."

म्हणजे ज्या बातमीपासून ती त्याला वाचवायला धावली होती, त्याच बातमीला तो बुडत्यासारखा धरून बसला होता.

"मी पडले मध्ये," ताई म्हणाली. "तू आईबरोबर होतास म्हणून सांगितलं. मला वाटलं, तू सुटशील."

पलीकडून रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला.

"कुणाला सांगितलंस?"

"संपादकांना. वाऱ्याला."

"मग फिरव ना," तो घाईघाईनं म्हणाला. "दिवस चुकला म्हण. आईचं प्लास्टर परवाच काढलं, माझ्या लक्षात घोळ झाला म्हण. आईला मी पढवतो. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार आहे तिथं? ताई, एवढं कर. आयुष्यात काही मागितलं नाही तुझ्याकडे."

खरं होतं. त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. मागायची ती ताई. आईला तू ठेव, मला ड्यूटी असते. घर तू बघ, माझं पान असतं. आणि तिच्या शब्दावर कुणी शंका घेणार नाही, हेही खरं होतं. काचेपलीकडे घड्याळ दिसत होतं. बाहेर जाऊन 'माझीच गल्लत झाली' एवढं म्हटलं की काकांनी मोठा केलेला फोटो पानावर चढला असता, आणि एका खोट्या बातमीनं तिचा भाऊ निम्मा वाचला असता. तिला ते करावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं.

"पोरीचं काही कळलं का गं?" बेडक्यानं मध्येच विचारलं. "मला कुणी सांगत नाहीये. मी हॉस्पिटलच्या बाहेरून दोनदा जाऊन आलो. आत जायचा धीर होत नाही."

"डोळे उघडले नाहीत अजून."

तो रडायला लागला. मोठा पुरुष असा हुंदके देऊन रडताना ऐकणं फार कठीण असतं, आणि त्याला हातानं थोपटताही येत नव्हतं.

"त्या पोरीच्या आईला काय सांगतील रे?" ताई म्हणाली. "एक माणूस बघत राहिला म्हणून? जन्मभर तिनं तेच बघायचं का, कुणीतरी नुसता उभा आहे म्हणून?"

"ताई..."

"वाऱ्या येईल तुझ्याकडे. नीट सांग त्याला. आणि तू का उठून गेलास तेही सांग."

"ते नाही सांगणार." नाक ओढत तो म्हणाला. "तू फोन केलास, हे मी कुणाला कळू देणार नाही. पोलिसांना नाही, आईला नाही. ते माझं मी गेलो. तू काळजी करू नकोस."

त्यानं ते प्रेमानं म्हटलं की सौदा म्हणून, ताईला कळलं नाही. आणि तिला हेही कळलं की आता हे आयुष्यभर कळणार नाही, दर सणासमारंभाला त्याच्या शेजारी बसून जेवताना हा प्रश्न ताटात असणार. ती म्हणाली, "जेवलास का काही? घरी जा. आईजवळ बस." आणि फोन ठेवला.

तिनं दार उघडलं. संपादक आणि वाऱ्या वळले. पलीकडे काका खुर्चीत अर्धवट फिरून बघत होते, आणि सगळं ऑफिस कामात असल्याचं ढोंग करत होतं.

"काय म्हणाला?" वाऱ्यानं विचारलं, आणि लगेच ओशाळला.

"त्याचं तो सांगेल, नाहीतर नाही सांगणार. माझं मी सांगते." ताई म्हणाली. "साहेब विचारत होते, तो कामावरून उठून का गेला. मी पाठवलं. आईला न्यायचं ठरलं होतं माझं. साडेचारची बैठक चुकवायची नव्हती मला. दुपारी त्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, आत्ता पोरांची गर्दी आहे, उद्या नेतो. तर मी म्हटलं, अर्ध्या तासानं काय जग बुडतंय?"

बोलून झाल्यावर तिला आपलाच शेवटचा शब्द ऐकू आला.

संपादक म्हणाले, "हे नाव देऊन छापलं, तर मग तुम्ही साक्षीदार झालात. उद्या पोलिस तुम्हालाही बोलावतील. इथंही या बातमीपुरत्या तुम्ही आमच्या कुणी नाही. विचार करा. नाव न देताही..."

"नाव न देता 'नातेवाइकानं सांगितलं' म्हणून काकांनी पाठवलं असतं तर मी चालू दिलं असतं का?" ताई म्हणाली. "लिही, वाऱ्या. नाव घाल. हुद्दाही घाल."

वाऱ्या उभ्या उभ्याच लिहायला लागला. त्याचा हात नेहमीसारखा पळत नव्हता. लिहून झाल्यावर, कुणाचंही म्हणणं घेतलं की तो जसं वाचून दाखवतो, तसंच त्यानं वाचून दाखवलं. तिचं नाव, तिचा हुद्दा, आईचा हात, बैठक, आणि ते वाक्य, जसंच्या तसं.

"असंच म्हणालात ना?" त्यानं खालमानेनं विचारलं. "अर्ध्या तासानं काय जग बुडतंय?"

"असंच म्हणाले," ताई म्हणाली.